हातावरचं पाणी आणि परदेशचं बिल

सन दोन हजार चार. माझं वय तेव्हा सत्तावन्न. शाळा तिसरीतून सुटलेली, पण सही येत होती. अंगठा मी जन्मात कुठं टेकवला नाही. आमच्या तलावाच्या मच्छीमार सोसायटीचा मी सेक्रेटरी, तिच्या रजिस्टरात त्या सगळ्या वर्षांच्या तारखा माझ्या अक्षरात आहेत. माशांची बोटुकली पिल्लं कधी सोडली, शिंगाडा कधी लावला, तोडणी कधी सुरू झाली. अक्षर मोठं आहे, ओळीत राहत नाही, पण माझं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते त्या अक्षराच्या गुर्मीतून झालं.

सिंदेवाहीपासून दोन कोस आत आमचं गाव. मागच्या दारातून बाहेर पडलं की चार पावलांवर तलावाची पाळ, मातीचा बांध. आम्ही ढिवर. मी आणि माझा जोडीदार एका डोंग्यातले. डोंगा दोघांचा, अर्धा त्याचा, अर्धा माझा. मी मागं वल्हं घेऊन, तो पुढं जाळं घेऊन. तीस वर्षं. तो दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. तो मला गड्या म्हणायचा, आणि रागात असला की सेक्रेटरी.

डोंग्यात मागं बसणाऱ्याला पुढच्याचं तोंड दिसत नाही. तीस वर्षांत मी त्याचं तोंड कमी आणि पाठ जास्त पाहिली. उजव्या खांद्याखाली जुन्या फोडाचा डाग होता, चवलीएवढा. मासा लागला की तो डाग वर सरकायचा. त्याच्या मनात काय चाललंय ते मी त्या पाठीवरून ओळखायचो, आणि तोंड पाहिलं की उलट गोंधळायचो.

फोन मी दोन हजार दोन साली घेतला. गावात तेव्हा सरपंचाकडे एक आणि माझ्याकडे एक. टेलिफोन हापिसात अर्ज भरायला गेलो तर तिथल्या बाबूनं विचारलं, परदेशी लागणारा पाहिजे का साधा. मी म्हटलं, "घ्याचाच हाये तं पूर्ण घेतो. अर्धा काऊन?" आणि त्या तीन इंग्रजी अक्षरांपुढं मी माझ्या हातानं खूण केली. गुर्मी होतीच. पण मनात भाऊचा पोरगाही होता. तो त्याच वर्षी आखातात वेल्डिंगच्या कामाला गेला होता. उद्या काही कमीजास्त झालं तर भाऊनं कुठं धावत जावं, असं मला वाटलं.

पोराचा स्वतःचा नंबर नव्हता. आज या कॅम्पात, महिन्यानं दुसऱ्या. फोन यायचा तो तिकडूनच, शुक्रवारी, त्याला सुटी असायची म्हणून. दुपारी दोनच्या सुमारास घंटी वाजायची. "काकू, बाबाले बलवा, पंधरा मिन्टात परत लावतो," एवढं बोलून तो ठेवून द्यायचा. मग माझी बायको पितळी थाळी आणि पळी घेऊन मागच्या दारी उभी राहायची आणि वाजवायची.

पाण्यावरून आवाज कसा येतो ते डोंग्यात बसलेल्यालाच ठाऊक. लांबचा आवाज कानाशी आल्यासारखा वाटतो. थाळी ऐकली की भाऊची पाठ ताठ व्हायची. तो वळून पाहत नव्हता, चल म्हणत नव्हता. जाळं अर्ध्यातच ओढून घ्यायचा आणि मी वल्हं मारायचो.

"एवढं मारू नोको, गड्या. तो काई पळून नाई चालला," असं म्हणायचा, आणि पायाचा अंगठा डोंग्याच्या लाकडावर ठोकत राहायचा.

पंधरा मिनिटं होईपर्यंत खुर्चीवर ओल्या धोतरानं बसायचा. फोन आला की दोन्ही हातांनी धरायचा. बोलणं थोडंच.

"जेवला का? हव. पानी हाये का तिकडं? अगा, प्याचं विचारून राह्यलो. हव. समुद्राचे मासे कसे असतात?"

फोन ठेवला की मी विचारायचो, काय म्हणतो. "म्हन्ते खारे असतात. पगाराचं नाई सांगत, माशाचं सांगते लेकाचा." आणि मग परत पाण्यावर. संध्याकाळपर्यंत तो डाग एका जागी राहत नव्हता.

माझी धाकटी पोरगी बारावी झाली आणि सिंदेवाहीला कॉम्प्युटरचा कोर्स करून आली. तिच्यासाठी चंद्रपूरहून जुना कॉम्प्युटर आणला. ज्यानं आणून दिला त्यानंच भिंतीतून येणाऱ्या तारेला एक फाटा काढून दिला, एक फोनला, एक कॉम्प्युटरला. इंटरनेट लावलं की आतून आवाज यायचा, बेडूक आणि रातकिडे एका पिंपात कोंडावे तसा. ती त्यावर भरतीच्या जाहिराती पाहायची, गावातल्या पोरांचे निकाल काढून द्यायची. शुक्रवारी मात्र बारा वाजल्यानंतर लावत नव्हती. काकाचा, म्हणजे भाऊचा, फोन येईल म्हणून.

त्या वर्षी शिंगाडा चांगला आला. तोडणी संपली आणि थंडी पडायला लागली तेव्हा फोनचं बिल आलं. एरवी एक पान यायचं. हे चार पानांचं होतं. आकडा एवढा होता की वर्षभर शिंगाडा विकला तरी तेवढे हाती येत नाहीत.

पोरगी म्हणाली, "आना बाबा, मी वाचून पायते."

"मले येते वाचता."

मी काय वाचलं? आकडा वाचला. आणि ती तीन इंग्रजी अक्षरं ओळखली, कारण त्यांच्यापुढं मीच कधीतरी खूण केली होती. खाली ओळीमागून ओळी होत्या, तारखा, वेळा, कुठल्याशा देशाचं नाव. ते नाव मला लागलं नाही. लावायची गरजही वाटली नाही. परदेश तो परदेश, आणि आमच्या गावातून परदेशी गेलेला माणूस एकच होता. मी चारही पानं घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि कोणाला दाखवली नाहीत.

हापिसात गेलो. बाबू म्हणाला, "फोन तुमचा, तार तुमची, मंग कॉल कोनाचे?"

"मी केले नाई. मी भरनार नाई."

"नोका भरू जी. दुसऱ्या बिलापर्यंत चालन, मंग आधी इथून लागनं बंद होईन, मंग तिकडून येनंबी बंद होईन."

"होऊ द्या," मी म्हटलं आणि आलो.

आमच्या तलावावर एक रीत होती. कोणाचं जाळं कापलं गेलं, कोणाचे मासे गेले, तर संशय असलेल्या साऱ्यांनी घाटावर यायचं, ओंजळीत तलावाचं पाणी उचलायचं आणि म्हणायचं, मी नाही केलं. खोटं उचललं तर तलाव त्या माणसाला मासा देत नाही. आणि जो उचलत नाही, त्यानं केलं असं धरायचं. आजोबापासूनची रीत. पोलीस कधी आमच्या तलावावर आला नाही तो त्यामुळंच.

फोनसाठी कोणी पाणी उचलल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण दुसरं काही मला माहीत नव्हतं. ज्या पाच घरांतली माणसं माझ्या घरी फोनला यायची, त्यांना मी रविवारी सकाळी घाटावर बोलावलं. लोक हसतच आले. एक म्हातारी म्हणाली, "मले तं जावयाचा नंबर लागत नाई, मी कुठची परदेशी लावतो बाप्पा," आणि पाणी उचलून मोकळी झाली. माझ्या बायकोनं उचललं. पोरीनं उचललं, अगदी डोळे मिटून.

शेवटी भाऊ राहिला. तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता, जाळं धुऊन नुकताच आलेला.

"भाऊ, तू."

"माह्याकडूनबी?"

"साऱ्यायनं उचललं. पोरीनं उचललं."

"त्यायची गोष्ट अलग हाये."

"काऊन अलग?"

"त्यायच्यासंग तू डोंग्यात नाई बसत."

मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण पाळीवर माणसं होती, सोसायटीची होती, आणि मी बोलून बसलो, "जो खरा हाये त्याले पान्याचं भेव नसते."

त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "हात ओलेच हायेत, सेक्रेटरी. पाहून घे." आणि वळून पाळ चढून गेला. तेव्हाही मला त्याची पाठच दिसली. डाग हलत नव्हता.

घरी बायको चुलीपाशी बसली होती. तिनं एक लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "त्याच्याजवळ नंबर तरी होता का? पोराचाच फोन ये."

मी म्हटलं, "घेतला असन कोनाजवळून."

"हव. अन् तासतासभर बोलला असन तो. ज्याले जेवला का, याच्या पुढं बोलता येत नाई तो."

मी उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, डोंग्यातलं त्याचं जाळं घेतलं, पाण्याची तुंबडी घेतली आणि गेला. डोंग्यातल्या अर्ध्या वाट्याचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही. संक्रांतीच्या आधी तो लेकीकडे राहायला निघून गेला, सावली गावाकडे, वैनगंगेच्या काठावर. त्याची बायको आधीच वारलेली, घराला कुलूप लावायला वेळ लागला नाही.

मीही कुलूप आणलं. जुन्या डोंग्याच्या फळ्या उरल्या होत्या, त्यांची पेटी ठोकली, फोन आत ठेवला, कडी घातली आणि चावी करदोड्याला बांधली. आता पाहू कोण लावतो, असं मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "अन् आला तं?"

पुढल्या शुक्रवारी आला. मी पाण्यावर होतो. आता एकटा होतो. माणूस एकटा मागं बसला की डोंग्याचं नाक वर उचलतं आणि वारा त्याला फिरवत राहतो. म्हणून मी पुढं, भाऊच्या जागी, एक दगड ठेवायला लागलो होतो. थाळी वाजली. मी वल्हं मारलं, पण दगड काही जाळं ओढून घेत नाही. ते आधी मलाच ओढावं लागलं. घरी पोचलो तेव्हा बायको पेटीपुढं बसली होती. आत घंटी वाजत होती. चावी काढेपर्यंत थांबली.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी घरीच थांबलो. फोन उचलला. "काका, बाबा कुठी हायेत?"

"तुह्या बहिनीकडं गेले."

"कधी येतीन?"

"येतीन."

"तिकडचा नंबर हाये का कोनता?"

माझ्याजवळ नव्हता. त्यानं त्याच्या पुढच्या शुक्रवारीही फोन केला, त्याच्या पुढच्याही. दर वेळी तेच, "आले का बाबा?" आणि मग दुसरं बिल आलं, पहिल्याहून जाड, आणि आठ दिवसांत लाइन पूर्ण बंद झाली. मी पेटी उघडून फोन कानाला लावला. आत काहीच नव्हतं, घूं आवाजही नाही.

ते दुसरं बिल हातात घेऊन मी बाजेवर बसलो तेव्हा पहिल्यांदा हिशेब करून पाहिला. चावी माझ्या कमरेला. भाऊ सावलीकडं. आणि फोन परदेशी जातच होते.

लाइनमन आला तो होळीच्या आधी. साऱ्या जंगलातून सागाच्या झाडांखालून तारा आलेल्या, त्या तपासत तो फिरत असायचा. माझ्या घरी तो फोन काढून न्यायला आला होता. पेटी पाहून हसला.

"हे कायले?"

"कोनी लावू नये म्हनून."

तो तारेवर बोट ठेवून भिंतीपर्यंत गेला. "एक तार पेटीत गेली, मान्य हाये. मंग ही दुसरी कुठी चालली जी?"

पोरीनं कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. तो म्हणाला, लाव. तिनं लावला. लाइन बंद होती तरी आतून नंबर लावल्याची टिकटिक सुरू झाली आणि पडद्यावर एक लहान चौकट आली. तिच्यात एक लांब नंबर होता. पोरीनं काही दाबलं नव्हतं. तिचे हात मांडीवर होते.

लाइनमननं माझ्याकडून बिल मागितलं. पहिल्यांदाच मी ते खिशातून काढून दुसऱ्याच्या हाती दिलं. त्यानं बिलावरचा नंबर आणि पडद्यावरचा नंबर बोटानं जुळवून पाहिला.

"एकच हाये. असा एक प्रोग्राम असते जी. इंटरनेटवरून चुपचाप येऊन बसते. तुमी आपले जाहिरात पाहून राह्यले, अन् तो आतून तुमची लाइन सोडते अन् तिकडची महागाची लावते. मूल गावाले दोन घरी हेच पाह्यलं."

पोरगी रडायला लागली. एकदा एक चौकट आली होती, म्हणाली, इंग्रजीत, फुकट असं काहीतरी लिहिलेली. नाही म्हटलं की परत यायची. आठ-दहा वेळा आली. मग तिनं हो दाबलं, जाहिरात दिसेना म्हणून. त्यानंतर ती चौकट आली नाही, म्हणून तिला वाटलं, गेली.

तिनं खोटं पाणी उचललं नव्हतं. कोणीच उचललं नव्हतं.

लाइनमन बिलाच्या तारखा एकेक करून वाचत होता. चौथी की पाचवी तारीख ऐकली आणि मी त्याला थांबवलं. ती तारीख मला कोणी वाचून दाखवायची गरज नव्हती. ती सोसायटीच्या रजिस्टरात होती, माझ्या मोठ्या अक्षरात. शिंगाडा तोडणीचा पहिला दिवस. त्या दिवशी आमची एकूणएक माणसं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत पाण्यावर असतात. पहिली टोपली तलावाच्या देवीला जाते, तोवर कोणी घरी जात नाही. पोरगी तेवढी तापानं घरी होती, कॉम्प्युटरपुढं. आणि भाऊ माझ्यापुढं होता. दिवसभर. शिंगाड्याचे काटे बोटात जायचे, तो बोट तोंडात घालून चोखायचा आणि परत पाण्यात हात घालायचा. मी त्याची पाठ पाहत होतो, आणि त्याच वेळी माझ्या घरातून परदेशी फोन चालला होता. हा पुरावा मी तीन महिने छातीवरच्या खिशात घेऊन फिरत होतो.

तरी मी पंधरा दिवस गेलो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. बायको रोज एकदा विचारायची, "पाय दुखून राह्यले का जी?" मी म्हणायचो, जाईन. मला वाटायचं, तो येईल, कोणी त्याला सांगेल, तो येऊन पाळीवर उभा राहील आणि सेक्रेटरी म्हणून हाक मारेल, आणि मी ऐकून घेईन. कोणी आलं नाही. दगड पुढं बसलेला असायचा.

तो दगड आजही आहे. मी आता अठ्ठ्याहत्तरचा, डोंगा दुसरा आहे, दगड तोच. भाऊ त्यानंतर माझ्या डोंग्यात कधी बसला नाही. पुढं त्याच्या पोरानं त्याला मोबाइल घेऊन दिला. आम्ही दिवाळीला बोलायचो, जेवला का, पाणी किती आहे तलावात. पण फोनवर पाठ दिसत नाही, त्यामुळं त्याच्या मनात काय आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. चार वर्षं झाली त्याला जाऊन. दुपारी पाण्यावर असलो आणि गावात कुठं भांडं पडलं, तर हात आपोआप वल्ह्यावर घट्ट होतात.

लाइनमन येऊन गेल्यावर सोळाव्या दिवशी मी भाऊकडं गेलो. बुधवार होता. बायकोनं सुक्या शिंगाड्याचं गाठोडं दिलं. मूलला एसटी बदलली, सावलीला उतरलो, तिथून नदीपर्यंत पायी. वाळूत बसून तो जाळं सांधत होता. माझी सावली जाळ्यावर पडली तरी वर पाहिलं नाही.

"सेक्रेटरी आले."

मी उभ्यानंच सारं सांगितलं. कॉम्प्युटर, चौकट, तारीख. त्याची सुतळी चालूच होती. सांगून झालं आणि पुढं काय करावं ते सुचेना, म्हणून मी चपला काढल्या, नदीत घोट्यापर्यंत गेलो आणि ओंजळीत पाणी उचललं.

"सांडून टाक ते," तो म्हणाला. "नदीचं पानी हाये. तुह्या तलावाचं नाई."

मी सांडलं. तो सरकला, मला वाळूवर जागा केली. आम्ही नदीकडं पाहत बसलो. शेजारी शेजारी बसायची सवय नव्हती आम्हाला.

मग त्यानं विचारलं, "थाळी वाजली का?"

मी पायाची वाळू झाडली.

"शुक्रवारची. वाजली का?"

"वाजली. तू गेल्यावरबी वाजली. मंग लाइन कटली."

"कधी?"

मी सांगितलं. त्यानं जाळ्याच्या एकेका घरावर बोट ठेवत शुक्रवार मोजले. सहा झाले. "म्हन्जे तो लावत असन," तो म्हणाला, "अन् लागत नसन." मग सुतळी परत ओवायला लागला. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "चाल ना घरी."

"इथी बरं हाये. लेक हाये, नातवंड हायेत. डोंगा चालवता येते ना एकट्याले?"

"दगड ठेवतो पुढं."

तेव्हा तो हसला. "केवढा?"

"तुह्याएवढा नाई भेटला."

निघताना मी त्याला विचारलं, इथं फोन कुठं आहे. गावाच्या फाट्यावर एक बूथ होता, लेकीच्या घरापासून हाकेवर. मी तिथं गेलो, त्या माणसाकडून नंबर घेतला आणि बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या हातानं लिहिला. मोठ्या अक्षरात. दोनदा वाचून घेतला. भाऊ बाजूला उभा होता. मी काय करतोय ते त्याला कळलं आणि मलाही कळलं. एकदा हा नंबर पोराला मिळाला की त्याला माझ्या घरच्या फोनची गरज उरणार नव्हती, आणि भाऊला माझ्या मागच्या दाराची. पण नंबर सांगायला पोराचा फोन आधी माझ्याच घरी यायला हवा होता. दुसरा कुठला नंबर त्याच्यापाशी नव्हता. आणि शुक्रवार परवावर आला होता.

"परवा," मी म्हटलं.

"पाय," तो म्हणाला. "किती दिवस लावन तो. थकन." मग गाठोडं सोडून एक शिंगाडा तोंडात टाकला आणि जाळ्याकडं वळला.

त्या रात्री मी बायकोला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "भरनार नाई म्हनत होते ना?" मी म्हटलं, "हव, म्हनत होतो." पैसे कुठून उभे केले ते सांगत नाही, ते माझं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हापिस उघडायच्या तासभर आधी, मी सिंदेवाहीला टेलिफोन हापिसाच्या पायरीवर बसलो होतो. बाबू आला, कुलूप काढलं, मला ओळखलं.

"लाइनमननं सांगतलं मले," तो म्हणाला. "तुमी केले नाई हे खरं हाये. अर्ज द्या. चंद्रपूरले जाईन, तपास होईन. दोन-चार महिने लागतीन, पन तुमी जिंकान."

"तोवर लाइन?"

"तोवर बंदच."

मी दोन्ही बिलं खिडकीतून आत सरकवली आणि त्यावर पैसे ठेवले. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"म्हन्जे कॉल तुमचेच होते, असं धरू?"

"हव," मी म्हटलं. "माहेच."

त्यानं कागद पुढं केला. मी सही केली. पहिल्या बिलामागं लिहिलेला तो नंबर फाडून परत मागून घेतला आणि खिशात ठेवला. मग विचारलं, उद्या दोनच्या आत चालू होईल का. तो म्हणाला, घरी जा, होऊन जाईल. मी घरी गेलो नाही. माझा काढून नेलेला फोन घेऊन लाइनमन सायकल काढेपर्यंत पायरीवरच बसून राहिलो, आणि तो निघाला तेव्हा त्याच्या मागं सागाच्या झाडांतून गेलेल्या तारांखालून चालायला लागलो.